झांकणाची जाडी

आमचा पुतण्या एका कारखान्यांत हीट-एक्स्चेंजर तपासण्याचीं उपकरणें आंखतो. जन्मभर शब्दरूपें घोकून घेणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकास त्यांतलें काय कळणार, असें कोणी म्हणेल. परंतु घरांतल्या मुलाचा दिवस ज्या विचारांत जातो, तो वडील मंडळींनीं थोडा तरी समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

हें यंत्र म्हणजे मोठ्या नळकांड्यांत बसविलेल्या शेंकडों बारीक नळ्या. एक प्रवाह नळ्यांतून, दुसरा बाहेरून. उष्णता पलीकडे जाते, द्रव मात्र मिसळत नाहींत. गळती आहे काय हें पाहण्यासाठीं तोंडें पोलादी फ्लँजांनीं बंद करून आंत पाणी दाबानें भरतात. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमांप्रमाणें हा दाब सामान्यतः कमाल अनुज्ञेय दाबाच्या निदान १.३ पट असावा लागतो. तोंड ६०० मिलिमीटर व्यासाचें व दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो धरला, तर झांकणावर सुमारें ८५ टन भार येतो!

"परीक्षा तासाभराची, एवढें जाड पोलाद कशास?" असा प्रश्न निघतोच, कारण पोलादास पैसे पडतात. पुतण्याचें उत्तर असें, कीं यंत्राची परीक्षा एकदां होते, पण झांकण तोच भार प्रत्येक यंत्रागणिक पुन्हां सोसतें. शिवाय जाडी निम्मी केली, तर ताण दुप्पट नव्हे, चौपट होतो. आणि बाक आठपट. झांकण मोडण्यापूर्वींच वांकतें, गॅस्केटवरची पकड सुटते, पाणी झिरपूं लागतें. मग दोष यंत्राचा कीं झांकणाचा, हें उमगत नाहीं. आणि कोणी उतावळा दाब असतांनाच बोल्ट आवळावयास जातो. अनर्थ तेथेंच होतो. उलट जाडी वाजवीपेक्षां वाढविली, तर वजन वाढून तें उचलणें व बसविणेंच जोखमीचें होतें. म्हणून अंदाज नको, हिशेब हवा.

१९०५ सालीं अमेरिकेंत ब्रॉक्टन येथील जोड्यांच्या कारखान्यांत बाष्पपात्र फुटून ५८ माणसें मेलीं. अशा अपघातांतूनच हे नियम जन्मले.

मध्यंतरीं एका कामांत जाडी कमी करण्याचा आग्रह झाला. पुतण्यानें हिशेब पुन्हां मांडून दाखविला, पण सही केली नाहीं. कामास उशीर झाला. बोलणींहि खावीं लागलीं. घरीं आल्यावर तो एवढेंच म्हणाला, "काका, त्या झांकणाजवळ उभें राहून गळती पाहणारा मनुष्य कोणाच्या तरी घरचा असतो."

आम्हीं शाळेंत धर्म शब्दाचा अर्थ अनेकदां शिकविला. याहून सोपा आम्हांस कधीं सांगतां आला नव्हता.