नाका दिसायचा तेव्हा

आमच्या जुन्या घरातल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. त्यावर बाबांच्या ठसठशीत अक्षरात, निळ्या शाईनं, जकातीचे दर लिहिलेले. सोलापुरी चादर, टॉवेल, पंचे, खण, प्रत्येकापुढे आकडा. खळ लावून चिकटवलेला तो कागद पुढे पिवळा पडला, कडा झुरळांनी खाल्ल्या; पण त्यावरचा आकडा खोडलेला मला आठवत नाही. बाबा सोलापूरहून चादरींचे गठ्ठे आणायचे. ट्रक हडपसरच्या बाजूच्या जकात नाक्यावर थांबला, की खिशातून पैसे निघायचे ते मोजलेलेच. हिशेब सोलापूर सोडतानाच झालेला असायचा.

तो नाका प्रेमात पडावा असा मुळीच नव्हता. ट्रकांची रांग, डिझेलचा धूर, खिडकीआडचा कारकून, ‘चहापाण्या’ची ती ओशाळी देवाणघेवाण. पण नाका दिसायचा. आडवा बांबू, शेजारी दरफलक, पैसे भरले की बांबू वर. पावती घरी आली की आई ती तारेला टोचून ठेवायची. आपण काय भरलं आणि कशासाठी भरलं, हे त्या तारेला विचारता यायचं.

त्याच काळात आमच्या घरून एकच वस्तू परदेशी जायची. आत्या १९८२ साली न्यू जर्सीला गेली. तिला मुलगी झाली, तेव्हा आईनं आजीच्या नऊवारीची पाळण्यातली गोधडी शिवली. वरचा थर लुगड्याचा, खाली मऊ झालेलं जुनं धोतर, आणि सगळीकडून बारीक धावदोरा. मग पार्सलही शिवलं! मांजरपाटाची पिशवी, तोंडाशी जाड दोऱ्याची शिवण, शिवणीवर लाखेचे ठिपके. लाख वितळल्याचा वास घरात दिवसभर रेंगाळायचा. पत्ता बाबांनी बोरूनं लिहिला.

पोस्टातल्या मास्तरांनी कस्टमचा कागद पुढे सरकवून विचारलं, “किंमत काय लिहू, वहिनी?”

आई म्हणाली, “सासूबाईंच्या लुगड्याची काय किंमत लिहायची?”

मास्तर हसले आणि त्यांनीच सुचवल्याप्रमाणे बाबांनी ‘भेटवस्तू’ असं लिहून टाकलं. गोधडी बोटीनं गेली. पोचल्याचं पत्र यायला चार महिने लागले. तोवर आई रोज पोस्टमनची वाट बघायची. गोधडी पोचेल की नाही, एवढाच घोर. पोचल्यावर कोणी तिचे पैसे मागेल, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

त्या पत्रात एक ओळ होती, जी आई पुढे वर्षानुवर्षं सांगायची. आत्याच्या शेजारणीला तशीच गोधडी हवी होती, ती डॉलर द्यायला तयार होती. बाबांनी चौकशी केली. निर्यातीचा परवाना, परकीय चलनाचे नियम, बँकेतली कागदपत्रं, मुंबईच्या फेऱ्या. एका गोधडीसाठी एवढं कोण करणार? विषय तिथेच मिटला. तेव्हाच्या दिवसांबद्दल मी कितीही हळवी झाले, तरी ही न विकली गेलेली गोधडी मला जमिनीवर आणते.

कारण नंतर मी तेच विकू लागले. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटीही गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नाके ओस पडले. पुढच्याच वर्षी मी एट्सी या ऑनलाइन बाजारात दुकान थाटलं. भोरच्या बाजूच्या नऊजणी गोधड्या शिवतात. मी कापड जमवते, फोटो काढते, पत्ते छापते. सांगलीच्या मामेबहिणीला वाटलं, मी नोकरी सोडून वेड्यासारखं काहीतरी करतेय. मग पहिली ऑर्डर ओहायोहून आली.

तेव्हाची गंमत अशी, की अमेरिकेच्या दाराला नाकाच नव्हता. निदान आमच्यासारख्यांना. एका माणसाच्या नावावर एका दिवशी ८०० डॉलरपर्यंतचा माल आला, तर आयात शुल्क शून्य. १९३८ मध्ये ही सूट सुरू झाली ती एका डॉलरपासून. किरकोळ मालावर कर गोळा करण्याचा खर्च करापेक्षा जास्त, म्हणून. पुढे ती २०० डॉलर झाली आणि २०१६ मध्ये ८००, म्हणजे २०२५ च्या भावानं सत्तर हजार रुपये. माझी पाळण्यातली गोधडी साठ डॉलरची. तिनं कुणाच्या डोळ्यांत यायचं कारणच नव्हतं. इकडेही पोस्टानं २०२२ च्या अखेरीस डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली. ज्या कागदांसाठी बाबांना मुंबई गाठावी लागली असती, ते मी रात्री जेवणं आटोपल्यावर भरू लागले.

मग २०२५ चा उन्हाळा सरला आणि ऑगस्ट आला. ७ तारखेला भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लागलं. आणखी २५ टक्के लागू झालं २७ तारखेला, अमेरिकेच्या पूर्वेकडे मध्यरात्र उलटून एक मिनिट झाल्यावर. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे गुरुजी प्राणप्रतिष्ठेच्या तयारीत, दूर्वांची जुडी माझ्या हातात, आणि फोन सारखा थरथरतोय. दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, ८०० डॉलरची सूटही सगळ्या जगासाठी संपली.

पोस्टाची तर पंचाईतच झाली. शुल्क कुणी गोळा करायचं, अमेरिकेच्या कस्टम्सकडे कसं भरायचं, हेच ठरलेलं नव्हतं. विमान कंपन्या टपालाचा माल उचलेनात. २५ ऑगस्टपासून आपल्या डाक विभागानं बहुतेक पार्सलं थांबवली. आधी शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू आणि पत्रं चालू ठेवली, महिनाअखेरीस तीही बंद. एकटा भारत नव्हे. जागतिक टपाल संघटनेनं सप्टेंबरच्या सुरुवातीला सांगितलं, की ८८ टपाल यंत्रणांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात थांबवली आहे. आईची गोधडी चार महिने बोटीवर होती, पण निघाली तरी होती. माझ्या चौदा गोधड्या हॉलमधल्या दिवाणावर, गणपतीच्या आराशीशेजारी, पत्ते लावून बसून राहिल्या.

एक मी घाईनं खासगी कुरिअरनं पाठवली. दारात पोचल्यावर त्या बाईंकडे शुल्क आणि वर कुरिअरचा हाताळणी आकार मागितला गेला. दोन्ही मिळून गोधडीच्या किमतीच्या जवळपास. त्यांनी पार्सल घेतलंच नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? परत मागवायचा खर्च गोधडीहून जास्त. “टाकून द्या,” असं मी टाइप केलं, पाठवलं आणि बराच वेळ फोन उपडा ठेवून बसले.

भोरला जाऊन हे सांगणं त्याहून अवघड होतं. शिवणाऱ्यांतल्या सगळ्यात थोरल्या मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, “ताई, तिकडच्या सरकारचं आपल्या सुईशी काय वाकडं?” मी भारत रशियाकडून घेतो त्या तेलाचं काहीतरी सांगू लागले. अर्ध्यातच थांबले.

१५ ऑक्टोबरला पोस्टाची सेवा पुन्हा सुरू झाली. वसुबारशीला दोन दिवस उरलेले. फराळाचे डबे पाठवणाऱ्यांची दिवाळी हुकलीच. पण पद्धत वेगळी होती: जाहीर केलेल्या किमतीच्या तेव्हा ५० टक्के शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी भरायचं. साठ डॉलरच्या गोधडीवर तीस. तिकडच्या दारात कोणी काही मागणार नव्हतं. आमच्यासारखे सगळे आता हीच भाषा बोलतात, ‘डीडीपी’: शुल्क भरलेलं, सगळं धरून किंमत. तिसातले बारा मी सोसले, अठरा गिऱ्हाइकानं. मोठ्या गोधड्या अमेरिकेसाठी बंद केल्या. त्याऐवजी अभ्रे आणि बाळाची दुपटी. लंडन, मेलबर्न आणि दुबईतली मराठी मंडळं शोधून काढली. माल आधीच आतेबहिणीच्या गॅरेजमध्ये भरून ठेवावा, असंही मनात आलं. पण दर उद्या खाली आला, तर चढ्या दरानं नेलेला तो ढीग कुणाच्या गळ्यात मारायचा? हीच खरी मेख आहे. पन्नास टक्केही एक वेळ पचवता येतात. उद्या किती, हे माहीत नसलेलं पचत नाही. आमच्या विक्रेत्यांच्या गटात एकीनं लिहिलं होतं, “भीक नको, पण कुत्रं आवरा.”

कागदही आता भोचक झालेत. आत कापूस की नुसते कापडाचे थर? वर्गीकरणाचा आकडा कोणता, रजईचा ९४०४ की दुसरा? मूळ देश कोणता? आणि किंमत? ती नेमकी लिहायची, कारण शुल्क तिच्यावरच. पोस्टातल्या मास्तरांनी आईला जो प्रश्न हसत सोडून दिला, तोच आता संगणक विचारतो आणि उत्तराशिवाय पुढचं पान उघडत नाही.

आतेबहीण, म्हणजे त्या पहिल्या गोधडीतली मुलगी, यंदा आजी होतेय. दिवाळीत तिचा फोन आला, तशीच एक हवी म्हणून. आईची एक नऊवारी मी राखून ठेवली होती. मावशींनी ती शिवली. फॉर्म भरताना किमतीच्या रकान्यापाशी मी थबकले, आणि मग अभ्र्यांच्या हिशेबानं एक आकडा लिहिला.

ते जुनं कपाट आता माझ्याकडे आहे. बाबांचा कागद अजून दाराला आहे; त्याच्याखाली मी माझा लावलाय, देशांची नावं आणि पुढे दर. बाबांच्या नाक्याची रांग मला परत नको, तो धूर आणि ते चहापाणीही नको. त्याच्या शेजारचा दरफलक तेवढा हवा होता. देशांची नावं मी पेनानं लिहिली आहेत. दर पेन्सिलीनं. अमेरिकेपुढचा कागद खोडून खोडून इतका पातळ झालाय, की आतलं लाकूड दिसायला लागलंय.