दुसरीच्या पुस्तकातली भाजी

वाचकहो, जून महिना लागला की घरात बालभारतीची कोरी पुस्तके येतात. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीला ती फुकट मिळतात. आपण वर नाव घालून देतो आणि पोर ते दप्तरात टाकते. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर आपण दोनदा वाचतो, पण पोराच्या पुस्तकात काय छापले आहे ते बघायला आपल्याला सवड नसते.

ही पुस्तके तयार होतात पुण्यात. बालभारती २७ जानेवारी १९६७ ला सुरू झाली, तिची कचेरी सेनापती बापट रस्त्यावर आहे. २०१९ साली दुसरीचे नवे पुस्तक निघाले, तेव्हा त्यातल्या काही चित्रांची चर्चा झाली. एका चित्रात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत बसले होते. शिवाय डॉक्टर बाई होती, रहदारी सांभाळणारी पोलीस बाई होती, इस्त्री करणारा बाप्या होता आणि स्वयंपाक करणारा बाप्याही होता. चित्रे बघायची आणि काय दिसले ते बोलायचे, एवढाच तो धडा.

आमच्या पारावर त्याची थट्टा झाली. "आता बाप्यांनी भाकरी थापायच्या का?" पण सप्त्याला हजार माणसांची आमटी कोण उकळते? आचारी बाप्याच असतो. तालुक्याचा शिंपी बाप्या, कपडे इस्त्री करणारा परीटही बाप्या. मोल मिळाले की ते काम पुरुषाचे होते, आणि तेच घरात फुकट करायचे झाले की बाईच्या गळ्यात पडते. खुरपणी आणि कापूस वेचणी मात्र मोलाची असूनही बाईची, कारण तिथे मोल कमी. म्हणजे चित्रात नवे काही नव्हते. उलट घरच्या अंगणात आपण जे झाकून ठेवतो तेच चित्रकाराने उघडे केले.

याच पुण्यात १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने अक्षर गिरवणे हीच उलटी गंगा वाटत होती. पुढे १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले, तेही पुण्यातच छापले गेले. मुलीने काय करावे आणि मुलाने काय करू नये, हा वाद या शहराला जुना आहे.

पण वाचकहो, मला त्या चित्रात एक जागा रिकामी दिसते. आमच्या गावच्या शाळेत फार वर्षांपूर्वी एक पोरगा होता. त्याला सागरगोटे आवडत, फुगडी आवडे, रांगोळी तर अशी काढायचा की बायका बघत राहत. पोरांनी त्याला 'बायल्या' नाव ठेवले. एका गुरुजींनी तर हसत हसत त्याला मुलींच्या रांगेत बसवले. चौथीनंतर तो शाळेत आला नाही. दोन वर्षे शेरडे राखली आणि एक दिवस गाव सोडून गेला. त्याची आई वारीला गेली की गर्दीत तोंडे न्याहाळायची. ती वारली, पण पोरगा काही दिसला नाही.

अशी लेकरे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत स्त्री नाही, पुरुष नाही, 'इतर' अशा रकान्यात देशभरात ४ लाख ८७ हजारांवर माणसे नोंदली गेली. त्यांतली जवळपास ५५ हजार तर सहा वर्षांच्या आतली होती. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा माणसांची स्वतंत्र ओळख मानली. २०१९ च्या कायद्यात तर लिहिले गेले की सरकारमान्य शाळांनी त्यांना भेदभाव न करता शिकवावे. पुढे २०२१ मध्ये अशा मुलांना शाळेत कसे सांभाळावे याची एक पुस्तिका दिल्लीच्या एनसीईआरटीने शिक्षकांसाठी काढली. लगेच आरडाओरड झाली आणि थोड्याच दिवसांत ती मागे घेतली गेली.

लोकांची भीती मला कळते. सात वर्षांच्या पोराला हे कशाला सांगायचे, पोर बिघडेल, असे वाटते. पण वासराला कोणी शिकवून गोऱ्ह्याची कालवड होत नाही. आणि दुसरीत व्याख्यान द्या असे म्हणते कोण? गुरुजींनी 'बायल्या' हा शब्द वर्गात चालू द्यायचा नाही, पोराने विचारले तर हसायचे नाही, एवढे जरी झाले तरी पुष्कळ आहे. आपली भाषा या बाबतीत मोकळी आहे. मराठीत मूल तो नाही आणि ती नाही, ते आहे. लेकरू, वासरू, करडू, कोकरू, सगळी 'ते'. विठोबाला आपण माउली म्हणतो, ज्ञानोबालाही माउली म्हणतो, त्यात कोणाला खटकत नाही. अर्जुनाने विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन उत्तरेला नाच शिकवला, ही गोष्ट तर आजीच सांगते. (जर्शी गाईच्या गोऱ्ह्याचे आपण काय हाल करतो, तो विषय वेगळा. त्यावर कधीतरी लिहीन.)

गेल्या खेपेला पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, तेव्हा दुसरीतल्या नातीला घेऊन नाना पेठेत गेलो होतो. शेजारी एक तृतीयपंथी बाई टाळ्यांच्या ठेक्यावर अभंग म्हणत उभी होती. नातीने मोठ्याने विचारले, "आजोबा, हे काका की मावशी?" माझ्या मागच्या माणसाने आपल्या पोराला ओढून पलीकडे घेतले. मी नातीला म्हणालो, "त्यांनाच विचार." तिने विचारले. ती बाई वाकली आणि म्हणाली, "मावशी म्हण, बाळा." नातीने मान डोलावली, आणि मग मला विचारले की भेळ कुठे मिळते.