फुकटचें पान

पंचावन्नाव्या वर्षीं मनुष्यानें नवें व्यसन लावून घेऊं नये, असें आमच्या घरच्या मंडळींचें मत आहे. आणि तें मला मान्यही आहे. परंतु मान्य असलेल्या साऱ्याच गोष्टी आचरणांत आणूं लागलों, तर आम्हां प्राध्यापकांना बोलायला विषयच उरणार नाहींत. तेव्हां कबूल करून टाकतों कीं, गेल्या वर्षापासून दर रविवारीं सकाळीं चहाचा पेला घेऊन मी संगणकापुढें बसतों आणि पोकर खेळतों.

हा शब्द ऐकून वाचकांनीं भुवया चढवूं नयेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट 2025 मध्यें मंजूर केला. पण आमच्या डावांतलीं नाणीं त्यापूर्वींही खोटींच होतीं. माझी कन्या कॅनडांत एडमंटनला असते. ती, तिचे तीन स्नेही आणि मी, असा हा पांच जणांचा अड्डा. इकडे रविवारची सकाळ उजाडते तेव्हां तिकडे शनिवारची रात्र असते. मुलीशीं तासभर बोलायला बापाला निमित्त लागतें. माझें निमित्त बावन्न पानांचें आहे, एवढेंच.

पत्त्यांना मी अगदींच परका नव्हतों. लहानपणीं मे महिन्याच्या सुटींत आमच्या माजघरांत मेंढीकोटाचे डाव रंगत. त्यांत ‘बंद हुकूम’ खेळायचा झाला कीं, हुकमाचें पान पालथें ठेवायचें आणि वेळ आल्यावांचून उलटायचें नाहीं, अशी रीत. त्या पालथ्या पानाची गोडी माझ्या मनांत तेव्हांपासून बसली आहे. हुकूम आपल्या हातीं असावा आणि तो कोणाला कळूं नये, यापरतें सुख मला त्या वयांत दुसरें ठाऊक नव्हतें.

आम्ही खेळतों त्या प्रकाराला ‘लिमिट होल्डेम’ म्हणतात. प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात. मग मध्यें तीन पानें उघडतात, मग चौथें, मग पांचवें; हीं पांचही सर्वांच्या मालकीचीं. आपलीं दोन आणि मधलीं पांच यांतून ज्याचीं पांच पानें सरस, त्याची रास. बोलीच्या फेऱ्या चार. आणि बोलीची रक्कम ठरलेली. पहिल्या दोन फेऱ्यांत ती दोन नाणीं असेल, तर पुढच्या दोन फेऱ्यांत चार. मनांत आलें म्हणून आपलें सारें धन एकदम पुढें ढकलून दुसऱ्याला घाबरवतां येत नाहीं.

एका रविवारीं मला दोन अठ्ठ्या आल्या. पांचही जण दोन-दोन नाणीं घालून डावांत राहिले. मधलीं पानें उघडलीं: बदामाची अठ्ठी, बदामाचा राजा आणि किलवरची तिर्री. माझ्या तीन अठ्ठ्या झाल्या! मला माजघरांतलें तें पालथें पान आठवलें. कोणी पाहत नसतांनाही मीं चेहरा निर्विकार केला आणि बोली न करतां ‘पास’ म्हटलें. हातांत बळ असून दुबळ्याचें सोंग घेण्याला खेळाडू ‘स्लो-प्ले’ म्हणतात. आपण त्याला दाबून खेळणें म्हणूं. बाकीच्यांनींही पास म्हटलें. चौथें पान आलें तें बदामाची पंजी. आतां मीं बोली केली, एका तरुणानें ती वाढवली, मी मोठ्या ऐटीनें शेवटपर्यंत नाणीं भरीत राहिलों; आणि त्यानें आपलीं दोन बदामाचीं पानें उलटून पांच बदाम दाखवले.

“बाबा,” कन्या म्हणाली, “त्याला फुकटचं पान कशाला दिलंत?”

डाव संपल्यावर तिनें मला हिशेब समजावून दिला. त्या तरुणाला न दिसलेलीं पानें 47. त्यांत बदाम 9. म्हणजे पुढच्या पानाला बदाम येण्याचा संभव सुमारें पांचांत एक. राशींत दहा नाणीं होतीं. मीं दोन घातलीं असतीं, तर बारा मिळवण्यासाठीं दोन भरणें त्याला परवडलेंच असतें.

“म्हणजे मीं बोली केली असती तरी तो आलाच असता ना?” मी विजयी मुद्रेनें म्हणालों.

“आलाच असता. पण पांचांत चार वेळां त्याची नाणी तुमची झाली असती. आणि तो एकटाच नाही, आमच्याकडले हे सारे कशावरही येतात. जे येणारच आहेत, त्यांच्यापासून लपवायचं कशाला, बाबा?”

त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. म्हणून प्राध्यापकाच्या धर्माला अनुसरून मी पुस्तकाकडे वळलों. डेव्हिड स्क्लान्स्की नांवाच्या अमेरिकन खेळाडूनें या खेळाच्या तत्त्वांवर ग्रंथ लिहिला आहे. दाबून खेळण्याला त्यानें घातलेल्या अटी ऐका: हात अतिशय बळकट हवा, बळ दाखवलें तर बाकीचे पळून जातील अशी खात्री हवी, फुकट दिलेल्या पानानें दुसऱ्याचा हात सुधारावा, पण आपल्याहून वरचढ होण्याचा संभव फारच थोडा असावा, आणि रास अजून मोठी झालेली नसावी. माझ्या तीन अठ्ठ्या यांतल्या पहिल्या अटीला उतरल्या. पुढच्या दोन अटींनीं त्यांना आडवें केलें.

झांकून ठेवणें नेहमींच चूक असतें, असें मात्र नव्हे. माझी कन्या राहते त्याच गांवच्या अल्बर्टा विद्यापीठांतील मायकेल बोलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दोघांमधील लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण उलगडल्याचें जानेवारी 2015 मध्यें ‘सायन्स’ नियतकालिकांत जाहीर केलें. ‘सेफियस’ नांवाचा त्यांचा संगणक-खेळाडू पानें वांटणाराच्या जागीं असतां, पहिल्या फेरींत एक्क्यांची जोडी हातीं असूनही शेवटची वाढ जवळजवळ कधींच करीत नाहीं. पण त्यानें समोर कल्पिलेला प्रतिस्पर्धी कसलीही चूक हेरणारा असतो. आपल्यासमोर बसतात तीं साधीं माणसें. मीही वर्गांत कवितेचा अर्थ मुद्दाम झांकून ठेवतों. विद्यार्थी स्वतः धडपडून अर्धामुर्धा अर्थ लावतो, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या अर्थानें त्याचें नुकसान होत नाहीं. तेथें तें दाबून खेळणें शोभतें.

परंतु त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, ती अठ्ठ्यांमुळें नव्हे.

कन्या सोळा वर्षांची असतांना तिनें माझ्या टेबलावर एक वही आणून ठेवली होती. तींत आजीच्या शेवटच्या दिवसांवर लिहिलेली गोष्ट होती. आजी म्हणजे माझी आई. मीं ती रात्रीं वाचली, पुन्हां वाचली, आणि दिवा मालवून बराच वेळ अंधारांत बसलों. तीस वर्षें वाङ्मय शिकवणाऱ्या मला माझ्या आईबद्दल तसें एक वाक्य लिहितां आलें नसतें. सकाळीं वही परत देतांना मी म्हणालों, “शुद्धलेखनाच्या चार चुका आहेत.” स्तुति करायची होतीच, पण दुसरी गोष्ट येऊं द्यावी, तिसरी येऊं द्यावी, मग बोलावें म्हणजे त्या बोलण्याला वजन येईल, असा माझा बेत होता.

दुसरी गोष्ट आली नाहीं. पुढें ती संख्याशास्त्राकडे वळली, तेव्हां सर्वांबरोबर मीही पेढे वांटले. माझें मौन ही माझ्या बळाची खूण आहे, हें तिनें कसें ओळखावें? तिला जें दिसलें, त्यावरून तिनें आपलीं पानें टाकून दिलीं. समजुतदार खेळाडू तसेंच करतो.

पुढच्या रविवारीं इतर मंडळी उठून गेल्यावर मीं तिला हें सारें सांगितलें. सांगणें सोपें गेलें नाहीं. व्याख्यानाची संवय अशा वेळीं मुळींच उपयोगी पडत नाहीं. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “त्या चार चुका मला अजून पाठ आहेत, बाबा.”

वही तिच्या जुन्या पेटींत आईनें जपून ठेवली होती. ती मीं टपालानें एडमंटनला पाठवली आहे. पहिल्या पानाच्या समासांत, तेव्हांच लिहायला हवें होतें असें एक वाक्य लिहिलें. चुकांना हात लावला नाहीं. वही पोंचल्याचें तिनें कळवलें. अधिक कांहीं नाहीं. मी विचारीत नाहीं. माझीं पानें आतां उताणीं आहेत. बोली तिची आहे.