स्त्रीपार्ट

बालगंधर्वांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला मी सरांच्या आग्रहाखातर गेलो. व्यासपीठावर भामिनीच्या वेषातील त्यांची तसबीर, आणि तिच्यापुढे डोळे पुसणारी म्हातारी माणसे! १२ मार्च १९११ रोजी पोटची मुलगी गेली, तरी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग त्यांनी केला, हे मी तेथे ऐकले.

माझे बाबा दशावतारात स्त्रीपार्ट करतात. जत्रेत रात्रभर उभे राहून पहाटे घरी येतात, तेव्हा कानांमागे रंग तसाच असतो. प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय मी ‘शेती’ असा लिहिला होता. (शेती आहे, पण पाच गुंठे!) परतताना एसटीत तो अर्जच आठवत राहिला.

घरी आलो तर बाबा लुगड्याची घडी घालीत होते. दुसरे टोक मी धरले.