नाही न म्हणणाऱ्या माणसाची सही

सह्यांच्या बाजाराचा एक नियम मला आजवर पटलेला नाही. ज्याची सही मिळायला अवघड, ती महाग. ज्यानं समोर आलेल्या प्रत्येकाला थांबून सही दिली, त्याची स्वस्त. ‘शूलेस’ जो जॅक्सन हा जुन्या काळातला मोठा बेसबॉलपटू जेमतेम स्वतःचं नाव लिहू शकायचा, बऱ्याचदा त्याची बायकोच त्याच्या नावानं सही करायची. त्याच्या हातची सही निघाली की लिलावात लाखो डॉलर मोजले जातात. ही दुर्मिळता मला समजते. पण सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाच्या स्टॅन म्यूझियलची सही नोकरदार माणसाला परवडते, कारण त्यानं आयुष्यभर कुणाला नाही म्हटलं नाही. बाजाराच्या हिशेबात हा त्याचा दोष. मला तो त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, म्हणून मी इतर कुणाच्याही मागे न लागता फक्त त्याच्याच सह्या जमवत आलो.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. म्यूझियल 1941 ते 1963 या काळात एकाच संघाकडून खेळला. मधलं 1945 हे वर्ष नौदलात गेलं. पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या कारखान्यांच्या गावात एका पोलिश स्थलांतरित कामगाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा आधी गोलंदाज, म्हणजे पिचर होता. खांदा दुखावला आणि तो फलंदाज झाला. डावखुरा, पाठ अशी वळवून उभा राहायचा की खांद्यावरून चेंडूकडे डोकावतोय असं वाटावं. बेसबॉलमध्ये चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं हेच इतकं कठीण, की दहापैकी तीनदा जमलं तरी माणूस थोर ठरतो. म्यूझियलची कारकिर्दीची सरासरी .331, म्हणजे हजारात 331 वेळा. त्याचा संघ ज्यात खेळायचा त्या नॅशनल लीगच्या फलंदाजीचं अव्वल स्थान सात वेळा. एकूण हिट्स 3,630. त्यातल्या 1,815 घरच्या मैदानावर आणि 1,815 परक्या. हा आकडा मी कितीदा वाचला असेन, तरी अजून मन थांबतं. तीन हजारांहून अधिक सामन्यांत पंचांनी त्याला एकदाही मैदानाबाहेर काढलं नाही. ‘द मॅन’ हे बिरुद त्याला 1946 मध्ये दिलं ते ब्रुकलिनच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी संघाच्या प्रेक्षकांनी. प्रतिस्पर्ध्यांनी दिलेलं नाव जास्त खरं असतं.

आता संग्रहाकडे. सही केलेला चेंडू हातात आला की मी आधी सहीकडे बघत नाही, चेंडूकडे बघतो. लीगच्या अधिकृत चेंडूवर त्या वेळच्या लीग-अध्यक्षाची सही छापलेली असे. नॅशनल लीगच्या चेंडूवर फोर्ड फ्रिक असेल तर चेंडू 1951 पर्यंतचा, वॉरेन जाइल्स असेल तर 1951 ते 1969 मधला, त्यानंतर चब फीनी. निर्माता हाही पुरावाच: 1976 पर्यंत स्पाल्डिंग, 1977 पासून रॉलिंग्ज. कातडंही बदललं, सत्तरच्या दशकाच्या मध्यात घोड्याच्या कातड्याची जागा गाईच्या कातड्यानं घेतली. एवढं कळलं की सही अमुक सालाच्या आधीची असूच शकत नाही, हे ठरतं. फक्त एवढंच ठरतं, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. जुना कोरा चेंडू मिळवून त्यावर काल केलेली सहीही असू शकते.

मग शाई. अमेरिकेत बॉलपेन 1945 च्या अखेरीस दुकानात आलं, त्याआधीचं सगळं झरणीचं किंवा पेन्सिलीचं. शार्पी हे जाड टोकाचं पेन 1964 चं, म्हणजे म्यूझियल निवृत्त झाल्यानंतरचं. 1950 च्या छायाचित्रावर शार्पीची सही दिसली की नवे लोक ती खोटी समजून बाजूला ठेवतात. ती खोटी नसते, उशिराची असते. म्हाताऱ्या म्यूझियलनं आपल्याच तरुण चेहऱ्याखाली नाव लिहिलंय, यात मला तरी काही कमी वाटत नाही. चेंडूवर मात्र शार्पी नको. तिची शाई कातड्यात हळूहळू फुटते आणि वीस वर्षांत अक्षरांच्या कडा धूसर होतात. चेंडूवर निळं बॉलपेन, तेही दोन शिवणी सर्वांत जवळ येतात त्या अरुंद जागेत. संग्राहक तिला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात.

कार्डांची गोष्ट वेगळी. अमेरिकन मुलांनी ज्या टॉप्स कंपनीची कार्डं च्युइंगगमबरोबर जमवली, तिच्या 1952 ते 1957 च्या संचांत म्यूझियल नाहीच, करार झाला नव्हता. बोमन या दुसऱ्या कंपनीच्या 1952 आणि 1953 च्या संचांत तो आहे, आणि टॉप्समध्ये पहिल्यांदा येतो तो 1958 च्या ऑल-स्टार कार्डावर. म्हणून एखाद्यानं 1955 चं सही केलेलं टॉप्स कार्ड दाखवलं, तर सही पारखायचीसुद्धा गरज नाही.

खुद्द सहीत काय बघायचं? वेग. खऱ्या सहीत पेन कागदावर टेकण्याआधीच चालू झालेलं असतं आणि उचलल्यावरही हवेत थोडं चालतं, त्यामुळे रेघांची टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा चित्र काढत असतो. तो थबकतो, वळणावर शाई साचते, टोकं बोथट राहतात. कीर्तनकारबुवाच्या तोंडचा अभंग आणि पाठांतर करून आलेल्या मुलाच्या तोंडचा अभंग यांत जो फरक, तोच इथे. शिवाय माणसाचा हात वयाबरोबर बदलतो. म्यूझियलच्या चाळिशीतल्या सहीत जोर आहे, साठी-सत्तरीत ती गोल आणि निवांत झाली, अखेरच्या वर्षांत कापरी. पण दोन्ही शब्द सरळ वाचता येतील असंच त्यानं शेवटपर्यंत लिहिलं. घाईघाईत ओढलेली निरर्थक रेघ त्यानं कुणाच्या हातात ठेवली नाही.

नकलांचा धंदा किती मोठा होता, हे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयनं ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावानं केलेल्या तपासात बाहेर आलं. त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. कोलकात्यातली ती म्हातारी बेसबॉलवर सही कशाला करेल, हा प्रश्नही गिऱ्हाइकाला पडू नये, इतकी हाव बाजारात मुरली होती.

म्हणूनच मी बाजार ज्यांना नाक मुरडतो त्याच वस्तू शोधतो: ‘अमक्याला, शुभेच्छांसह’ असं लिहिलेल्या. परक्याचं नाव असलं की किंमत पडते. पण नक्कल करणारा सहसा त्या वाटेला जात नाही, कारण त्याला गिऱ्हाईक मोठं हवं असतं. आणि त्या नावामुळे कळतं की ही वस्तू विकण्यासाठी नव्हे, कुणाला तरी देण्यासाठी लिहिली गेली. म्यूझियल सही केलेली छोटी छायाचित्रं खिशात घेऊनच फिरायचा, मागण्याआधीच हातात ठेवायचा. 1949 पासून सेंट लुईस शहरात त्याच्या भागीदारीचं उपाहारगृह होतं. तिथलं एक मेनूकार्ड माझ्याकडे आहे, कुण्या मुलीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेलं, कोपऱ्यात सांडलेल्या रश्शाचा डाग. माझ्या संग्रहातली ही सगळ्यात कमी किमतीची वस्तू आणि माझ्या लेखी पहिल्या क्रमांकाची. डाग काढायचा विचारही मी करत नाही.

याच प्रेमापोटी जुन्या चाहत्यांनी एक नुकसान करून ठेवलं आहे. सही टिकावी म्हणून त्यांनी चेंडूंना लाखेचं पॉलिश दिलं. ते पिवळं, मग तपकिरी पडलं आणि आतल्या सहीसकट तडकलं. सहीचे खरे शत्रू ऊन आणि दमटपणा. त्यांना दूर ठेवलं की वेगळं काही करावं लागत नाही.

मुंबई-पुण्यात, नागपुरात, पणजीत कितीतरी घरांत आजोबांची सहीवही असेल. क्रिकेटपटूंची, नटांची, गवयांची. ती लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका आणि फिकट झालेली सही कधीही गिरवू नका. गिरवलेल्या क्षणी ती त्या माणसाची राहत नाही. ज्यानं ती सही घेतली तो हयात असेल तर आजच विचारा, कुठे घेतली, कधी, तेव्हा सही देणारा काय म्हणाला. आणि ते वेगळ्या कागदावर लिहून वहीबरोबर ठेवा.