चौकटीच्या कडा

मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या अर्धचंद्राच्या वळणानं कृष्णेत उतरतात. सकाळचं कोवळं ऊन, पाण्यावर हलणारं देऊळ आणि धुण्याचा एका लयीतला आवाज. भाचीनं दहा मिनिटांत चाळीसेक फोटो काढले आणि हिरमुसून मोबाइल माझ्यापुढं धरला.

"मामा, इथं एवढं सुंदर दिसतंय, ते फोटोत का येत नाही?"

कारण डोळा हवं तेवढंच पाहतो, बाकीचं सोडून देतो. काचेला आवडनिवड नसते. तिच्या फोटोंत अर्धं पांढरं आभाळ होतं, डाव्या कडेला कुणाची तरी अर्धी पिशवी होती आणि आईच्या अंबाड्यामागून विजेचा खांब वर आला होता.

"एक पाऊल डावीकडे सरक," म्हटलं. ती सरकली, खांब चौकटीबाहेर गेला. मला फोटोतलं हे पाऊल फार मोलाचं वाटतं. चिमटीनं चित्र जवळ ओढलं की एका मर्यादेपुढे मोबाइल मधला तुकडा कापून ताणतो. चालत जवळ गेलं, की खरोखर जवळ जाता येतं.

मग तिच्या पडद्यावर ग्रिड सुरू करून दिली. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, चार छेद. पाण्याची कड मधोमध न ठेवता खालच्या किंवा वरच्या रेघेवर ठेवायची, मुख्य वस्तू एखाद्या छेदाजवळ. हा 'रूल ऑफ थर्ड्स' कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं 1797 साली निसर्गचित्रांसाठी तो मांडला होता. पण वारा पडला, देवळाचं प्रतिबिंब पाण्यात अख्खं उतरलं, तेव्हा मीच तिला काठाची रेघ मधोमध घ्यायला सांगितली. तिथं दोन्ही बाजूंचा तोलच खरा विषय होता.

वसईच्या 1739 च्या विजयानंतर इथं आलेली पोर्तुगीज घंटा अजून घाटावर आहे. तिच्यासाठी भाची पायरीवर बसली. नजर खाली येताच पायऱ्यांच्या रेघा आपोआप घंटेकडे धावू लागल्या. धुणं धुणाऱ्या आजींना तिनं आधी विचारलं, मग त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकली. आजी नदीकडे पाहत होत्या, म्हणून तिनं त्या बाजूला जागा मोकळी सोडली. हे मी शिकवलं नव्हतं.

मी 36 फोटोंच्या रोलवर शिकलो. एकेक फोटो पैशाचा, म्हणून हात आपोआप थांबायचा. आता तो आपणच थांबवावा लागतो. मात्र चूक तिथल्या तिथं दिसते, लगेच सुधारता येते. हे सुख आम्हाला नव्हतं.

निघताना तिच्याकडे बारा फोटो उरले होते. बाकीचे तिनं स्वतःच पुसले.

मेणवली वाईहून तीनेक किलोमीटरवर आहे. जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा.