परसबागेची अवजारं आणि सासूबाईंचा प्रश्न



मंदिरात दोघीतिघींनी विचारलं होतं, "आम्हालाही घरामागे भाजीपाला लावायचाय, सुरुवातीला अवजारं कुठली घ्यायची?" मी म्हटलं, सविस्तर लिहिते. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या जपाची माळ थांबवून म्हणाल्या, "खणायचं अवजार दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय, आठवतं ना?"

आठवत होतं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात हिंसादान आहे. कुऱ्हाड, तलवार, विस्तव यांच्या पंक्तीला तिथे खनित्रही बसलंय, म्हणजे आपली कुदळ. मग यादी देणं हेही हिंसादानच का? आठवडाभर लिहायला बसलेच नाही.

बाग मी सुरू केली ती मुळात भीतीने. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात किती शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून बाजारातली भेंडी हातात घेतली की मन खात राहायचं. आपण पाणी गाळून पितो, आणि भाजी ही अशी?

गेल्या वर्षी जूनमध्ये उत्साहाने ऑनलाइन अवजारांचा एक संच मागवला. गुलाबी मुठी, दिसायला देखणा. आपल्या काळ्या मातीत त्यातलं खुरपं पहिल्याच दिवशी वाकलं. मग शेजारून कुदळ आणली. पाऊस नुकताच झाला होता, माती गोळ्यासारखी चिकटत होती. तिसऱ्या घावाला गांडुळाचे दोन तुकडे झाले. दोन्ही वळवळत होते. मी कुदळ तिथेच टाकली, हातपाय धुतले आणि चार दिवस मागचं दार उघडलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या मावशींनी बागेतला तो खड्डा पाहिला आणि हसल्या. "बाई, पूरी जागा कायले खोदता? तुमच्यात कांदा नाही, मुळा नाही, गाजर नाही. वेलाले आळंच तं पायजे."

इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. जमीन खोल भुसभुशीत लागते ती कंदमुळांना. आपण ती लावतच नाही. दोडका, कारलं, ढेमसं, वाल यांना फूटभर रुंद आणि तेवढंच खोल आळं पुरतं. त्यात काढलेली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं भरायचं. मधली जागा तशीच राहू द्यायची, वर पालापाचोळा पसरायचा. तण कमी उगवतं, म्हणजे निंदणही कमी.

मावशींनी आणखी एक शिकवलं, वाफसा येईपर्यंत मातीला हात लावायचा नाही. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. ओल्या काळ्या मातीत अवजार फसतं, सुकलीत आपटावं लागतं.

तर आता माझ्याकडे एवढंच आहे. आठवडी बाजारात लोहाराकडून घेतलेलं पोलादी खुरपं. घेताना पातं दांड्यात हलत नाही ना, ते पाहून घ्या. एक दाताळं, कारण दात मातीतून सरकतात, पात्यासारखे आरपार कापत नाहीत. गांडुळं त्यानेही अजिबात मरत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण कमी. घमेलं घरात असतंच. बारीक भोकांची झारी, म्हणजे पाण्याची धार मुळाशी खड्डा पाडत नाही. आणि कात्री, दोडकं ओढून तोडलं तर वेल फाटतो. हातमोजे मी घेतले, वापरत नाही. मातीत काय वळवळतंय ते उघड्या बोटांना आधी कळतं.

याशिवाय एक वस्तू कुठल्याच संचात मिळत नाही, मऊ कुंचा. मुनिश्री बसण्याआधी पिच्छी फिरवतात ना, तेच मनात होतं. आळ्याच्या कडा, झारीचा तळ, पानांची मागची बाजू आधी हलक्या हाताने झाडून घेते. दोन मिनिटं जातात.

कुदळ मी विकत घेतलीच नाही. आळी करायला मावशींनी त्यांची सब्बल आणली आणि परत नेली. देण्याचा प्रश्नच मिटला, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि तिने आपल्याला दिली, त्याचं काय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही हे पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं.

यंदा अष्टमी झाल्यावर नवमीला सकाळी सासूबाई स्वतः मागे गेल्या. देठाशी कुंचा फिरवून तीन दोडकी कापली. ओट्यावर एकेक फोड उजेडाकडे धरून पाहिली. एकात अळी निघाली. ती फोडीसकट उचलून वेलाखाली ठेवून आल्या आणि मला म्हणाल्या, "ही संपली की हिला काय देणार आहेस?"